कुमुद अष्टपुत्रे, हँडिकॅप ९

"हे कुणी लिहिलं?" मी विचारलं.

माझा आवाज चढलाच असावा, कारण पोह्यांच्या बशा हातात घेऊन उभी असलेली माणसं एकदम माझ्याकडे वळली. वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये आमच्या 'चौथा रविवार मंडळा'ची बैठक होती. भिंतीवरच्या फळ्यावर एक कागद टाचला होता. त्याच्या वरच्या भागावर वर्षाचं सहलपत्रक लोंबत होतं, त्यामुळे मथळा झाकला गेला होता. खाली नावं होती आणि नावांपुढे नुसते आकडे. सगळ्यात तळाला, बाकीच्यांपासून दोन बोटं अंतर सोडून, निराळ्या शाईत एक ओळ होती: कुमुद अष्टपुत्रे, हँडिकॅप ९.

एवढ्या नावांत तो शब्द एकट्या माझ्यापुढे होता.

"मी लिहिलं," आबासाहेब चौबळ म्हणाले. ते आमच्या मंडळाचे अध्यक्ष, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले सर्व्हेअर. "का? आडनाव चुकलं का?"

आडनाव चुकणं शक्य नव्हतं. अष्टपुत्रे आडनावाची, एक्केचाळीस वर्षांची, बिनलग्नाची बाई नाशकात मी एकटीच असेन. माझं दुखणं त्या दुसऱ्या शब्दाचं होतं. दीड वर्षाची असताना पोलिओने माझा उजवा पाय निकामी केला. पाटबंधारे खात्यात ट्रेसरची नोकरी मिळाली ती 'हँडिकॅपच्या जागेवर'. वीस वर्षं मी धरणांचे नकाशे गिरवले, माझी रेघ कधी केसभर हलली नाही, तरी साहेब नव्या माणसाला ओळख करून देत ती "या आमच्या हँडिकॅप बाई" अशीच. गल्लीतल्या बायकाही नव्या सुनांना दबक्या आवाजात तेच सांगत. मंडळात मात्र हा शब्द कुणी काढला नव्हता. म्हणून तर मी तिथे जात होते.

"नाही, बरोबर आहे सगळं," मी म्हटलं. "फक्त एवढंच सांगा, हे मला बसमध्ये पुढची जागा द्यायला लिहिलंय, की पोहे आधी वाढायला?"

"कुमे, अगं काय हे," माझी थोरली बहीण मालूताई माझी बाही ओढत पुटपुटली. मी तिच्याच घरी राहत होते, तिच्या नि भाऊजींच्या संसारात, आणि मंडळातही तिच्याच शेपटाला धरून आले होते.

मी बाही सोडवली आणि कागद ओढला. टाचणी निघाली, सहलपत्रक खाली पडलं आणि झाकलेला मथळा उघडा झाला. 'गोल्फ-दिवस चौथा. खेळाडू व त्यांचे हँडिकॅप.'

"डॉक्टरांचं चार आहे," आबासाहेब शांतपणे म्हणाले. "माझं आठ. तुमच्या मालूताईंचं पंधरा. तुमचं नाव मागाहून घातलं, मथळ्यापासून लांब पडलं, म्हणून शब्द पुन्हा लिहिला. माझी चूक झाली. रकाना खालपर्यंत ओढायला हवा होता."

"म्हणजे आम्ही सगळेच हँडिकॅप की हो!" दातांचे डॉक्टर गायधनी पोह्यांचा घास गिळून म्हणाले आणि हॉल हसला. मी हसले नाही. माझे कान तापले होते.

मग आबासाहेबांनी सगळ्यांनाच समजावून सांगितलं, कारण हा आकडा मंडळात पहिल्यांदाच येत होता. गोल्फमध्ये जो जितका कच्चा, त्याला तितके टोले सुटीचे मिळतात. शेवटी आपल्या टोल्यांतून ते वजा करायचे. त्यामुळे मुरलेला आणि नवखा एकमेकांशी बरोबरीने खेळू शकतात. त्या सुटीच्या टोल्यांना हँडिकॅप म्हणतात. वर्षभरातले तीन गोल्फ-दिवस बघून त्यांनी प्रत्येकाचा आकडा काढला होता, आणि नवख्याला सरसकट पंधरा द्यायचे असं ठरवलं होतं.

"पण मी खेळतच नाही," मी म्हटलं. "मी पिशव्या सांभाळते."

हे खरं होतं आणि सगळ्यांना माहीत होतं. महिन्याच्या चौथ्या रविवारी आमची बस कुठे ना कुठे जायची. त्या वर्षी दिवेआगर झालं, सापुतारा झालं, भंडारदरा झालं. बस थांबली की मालूताई म्हणायची, "कुमे, तू बस हं सावलीत, उगाच त्रास नको." मग एकेक जण आपली पिशवी माझ्यापाशी ठेवायचा. डबे, शाली, थर्मास, कुणाची नवी चप्पल. बघता बघता माझ्याभोवती ढीग व्हायचा आणि माणसं समुद्राकडे किंवा धबधब्याकडे निघून जायची. परतल्यावर मला वर्णन ऐकवायची. बारा वर्षांत मी बारा गावांचे बसस्टँड, पायथे आणि वाहनतळ फार बारकाईने पाहिले होते. गोल्फ-दिवसांनाही तेच. मैदानाकडेच्या चिंचेखाली मी नि पिशव्या.

"या वेळी पिशव्या बसमध्ये राहतील," आबासाहेब म्हणाले.

"बरं, मग मी नवखी. नवख्याला पंधरा. मला नऊ का?"

"खेळून झाल्यावर सांगतो."

"आणि खेळले नाही तर?"

"तर नाही सांगणार."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येताना रिक्षात मालूताईने सुरू केलं, "आबासाहेबांना काही कळतं का? पायाला लोखंडी कॅलिपर बांधून त्या उंचसखल मैदानात तू चालणार कशी? पडलीस म्हणजे? आणि लोक काय म्हणतील, हौसेला मोल नाही म्हणतील."

"लोक गेले खड्ड्यात. मला फक्त हे बघायचंय की हा माणूस माझी कीव करतोय का."

"कीव कशी करेल? तुला तर कमी दिलेत."

"तीच तर गंमत आहे. 'बघा, आम्ही हिला आपल्यासारखीच समजतो' असं मिरवायचं असतं काही लोकांना. तीसुद्धा कीवच, फक्त इस्त्री केलेली. ताई, तसं निघालं तर मी मंडळ सोडणार."

मी नुसतं बोलून थांबले नाही. शनिवारी संध्याकाळी ड्रॉइंगच्या शाईने, सुवाच्य अक्षरात, मंडळाचा राजीनामा लिहिला आणि चार घड्या करून पर्समध्ये ठेवला.

*

आमच्या मैदानाला गोल्फचं मैदान म्हणणं हा त्याचा मोठेपणा होता. शहराबाहेर, जुन्या काळी कुणा साहेबलोकांनी आखलेलं, आता निम्मं गवत आणि निम्मा मुरूम. होलभोवती हिरवळ असते म्हणतात, इथे तेल घातलेली तपकिरी वाळू होती, आणि प्रत्येकाने आपला खेळ झाला की गोणपाट ओढून ती सारखी करायची. मंडळासाठी आबासाहेबांनी पाचच होल ठेवले होते, तेही निम्म्या अंतरावरून. जिंकणाऱ्याला मंडळाची किटली मिळे. साधी पितळी किटली, पण पुढचं गोल्फ येईपर्यंत प्रत्येक सहलीत चहा ओतायचा मान तिच्या मालकाचा. डॉक्टर गायधनी सलग तीनदा जिंकले होते आणि चहा ओतताना त्यांचा आव असा असे की जणू गंगाच आणली.

चौघांची एक तुकडी. माझ्या तुकडीत आबासाहेब, डॉक्टर आणि मालूताई. डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. मी डावा हात माझ्या काठीवर टेकवला, उजव्या हातात स्टिक घेतली आणि चेंडूसमोर उभी राहिले. चेंडू एवढासा, पांढरा, निर्विकार.

"थांब, मी तुझी कंबर धरते," मालूताई पुढे आली.

"टोला मारताना दुसऱ्याचा आधार चालत नाही," आबासाहेब म्हणाले. "स्वतःच्या काठीचा चालेल."

"अहो, पण ती पडेल!"

"पडल्या तर उचलू."

मालूताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जागीच वितळला असता. मी मात्र त्या तीन शब्दांवर खूश झाले. मला आयुष्यभर पडू नये म्हणून धरणारेच भेटले होते. उचलू म्हणणारा हा पहिलाच.

पहिला टोला हवेत गेला. दुसरा जमिनीला लागला आणि मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. तिसऱ्या वेळी मी ताकद लावायचं सोडलं. नकाशावर रेघ ओढताना कागद नाही बघायचा, जिथे पोचायचं तो बिंदू बघायचा, हे मला माझ्या पहिल्या हेडट्रेसरने शिकवलं होतं. मी तपकिरी वाळूतलं निशाण बघितलं आणि मनगट हलवलं. चेंडू फार उडाला नाही, पण सरळ गेला. दोरी लावल्यासारखा सरळ गेला आणि वाळूच्या काठाशी थांबला.

"वा!" डॉक्टर ओरडले. "वासरांत लंगडी..."

आणि थांबले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. दातांच्या डॉक्टरचे सगळे दात मी तेव्हा पाहिले. मालूताई दुसरीकडे बघायला लागली. आबासाहेबांनी मात्र मान वर केली नाही, ते टोल्यांच्या कार्डावर काहीतरी लिहीत राहिले.

"गाय शहाणी," मी म्हण पुरी केली. "पूर्ण म्हणा की डॉक्टर. पण लक्षात ठेवा, गाय मी असेन तर वासरं कोण, ते ओघानेच आलं."

डॉक्टर आधी लाल झाले आणि मग मोठ्याने हसले. मनाने सरळ होते बिचारे. त्यानंतर त्यांचा ताण गेला, आणि मला कबूल करायला हवं, माझाही गेला.

दोन होलांमधलं अंतर चालताना माझा दम निघत होता. कॅलिपरच्या पट्ट्याखाली घाम साचून टाचण्या टोचल्यासारखं होत होतं. मालूताईने दोनदा रिक्षा मैदानात आणता येईल का याची चौकशी केली. आबासाहेब माझ्या पुढेही चालत नव्हते आणि मागेही रेंगाळत नव्हते. अधूनमधून ते वळून मागे टाकलेलं निशाण बघत, मग पुढे जात.

"सारखं मागे काय बघता?" मी विचारलं.

"सवय. जमीन मोजताना आधी मागच्या खुणेवर दुर्बीण लावायची, ती पक्की झाली की मग पुढची खूण. मागे न बघता पुढे गेलेल्याचा नकाशा चुकतो."

मंडळाच्या गोल्फमध्ये आणखी एक रिवाज होता, तो सांगायला हवा. चेंडू होलच्या अगदी जवळ आला, म्हणजे स्टिकच्या मुठीएवढ्या अंतरात, तर सोबतच्याने 'दिला!' म्हणायचं. मग तो शेवटचा टोला मारावा लागत नाही, तो मोजत नाहीत, चेंडू सरळ उचलायचा. खेळ लवकर उरकतो आणि मनंही राहतात. मनं राखण्यात आमचं मंडळ इतकं पुढे होतं की मूठ कुणी मोजत नसे. हातभर अंतर असलं तरी 'दिला' म्हणत. डॉक्टरांना दोनदा दिला होता, मालूताईला तर तिने मागितल्यावरही दिला होता.

चौथा होल संपला तेव्हा डॉक्टर कार्डात डोकावले, मग पुन्हा एकदा डोकावले. पाचव्यावर त्यांनी एक टोला मुरमात घातला. मी वाळूपर्यंत तीन टोल्यांत पोचले आणि चौथा अगदी हलके मारला. चेंडू घरंगळत गेला, गेला, आणि होलपासून दोन विती अलीकडे थांबला.

आबासाहेबांनी खिशातली आधीच्या तुकड्यांची कार्डं चाळली आणि मनातल्या मनात बेरीज केली. "डॉक्टर, तुमचा खेळ संपला. कुमुदताईंचा हा आत गेला तर तुम्ही दोघं बरोबरीत. बरोबरीत किटली नवख्याकडे जाते."

माझ्या छातीत धडधडायला लागलं. किटलीसाठी! चाळिशी उलटलेली बाई, आणि ठोके पडताहेत एका पितळी किटलीसाठी. मला स्वतःचं हसू आलं, पण धडधड थांबेना. उजवा पाय थरथरत होता.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझा पायही त्यांना दिसला असणार. ते दोन्ही हात पसरून म्हणाले, "दिला! कुमुदताई, दिला! उचला चेंडू. किटली तुमची."

"देव तुमचं भलं करो डॉक्टर," मालूताईचे डोळे भरून आले. "उचल गं कुमे. तुला वाकवणार नाही, थांब, मीच उचलते."

ती वाकलीही. तेवढ्यात आबासाहेबांनी आपली स्टिक वाळूवर आडवी ठेवली. मूठ होलला टेकवली. मुठीच्या या टोकापासून माझा चेंडू आणखी एक वीत लांब होता.

"मुठीबाहेर आहे," ते म्हणाले. "कुमुदताई, मारा."

"आबासाहेब!" मालूताई उसळली. "दिवसभर सगळ्यांना हातहातभर दिलंत, आणि हिलाच मोजायला निघालात? तिला उभं राहवत नाहीये, दिसत नाही का तुम्हाला?"

"मी दिला की हो," डॉक्टर म्हणाले. "हरणारा मी. माझी तक्रार नाही, तर तुमची काय?"

आबासाहेब माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती, कडकपणाही नव्हता. दुर्बिणीतून खूण पक्की होण्याची वाट बघणाऱ्या माणसाचा असेल तसा चेहरा होता.

मला एकाएकी काय वाटलं ते आज पस्तीस वर्षांनीही जसंच्या तसं आठवतं. माझी बहीण माझ्यावर जीव टाकायची, तिच्याइतकं माझं कुणी केलं नाही. पण तिने, आईने, शाळेतल्या बाईंनी, साहेबांनी, सगळ्यांनी मला जन्मभर 'दिला' म्हटलं होतं. कवायतीत दिला, लग्नाच्या गोष्टीत दिला, डोंगराच्या पायथ्याशी दिला. मारून बघ असं कुणी म्हणालंच नव्हतं.

"बाजूला हो ताई," मी म्हटलं. "मुठीबाहेर आहे."

मी काठी रोवली. होलचा पलीकडचा काठ बघितला. मारला. चेंडू सरळ गेला, होलच्या तोंडाशी आला, काठावरून अर्धा गोल फिरला आणि बाहेरच थांबला.

मी एक टोला आणखी मारून तो आत ढकलला. आबासाहेबांनी कार्डावर आकडा लिहिला आणि म्हणाले, "डॉक्टर एका टोल्याने जिंकले."

"पंधरा दिले असते तर सहज जिंकली असती माझी बहीण," मालूताई रडवेल्या आवाजात म्हणाली. "काय मिळवलंत तुम्ही?"

आणि मला हसू फुटलं. आधी बारीक, मग आवरेना. मी काठीवर रेलून हसत सुटले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मालूताई घाबरून माझी पाठ चोळायला लागली.

"अगं, काय झालं? कुमे?"

"हरले!" मी म्हटलं. "ताई, मी हरले गं! आयुष्यात पहिल्यांदा हरले!"

तिला काही उमगलं नाही. डॉक्टरांना थोडंसं उमगलं असावं, कारण त्यांनी पुढे होऊन माझा हात हातात घेतला आणि हरलेल्या पैलवानाशी करतात तसा जोरात हलवला.

*

चहाच्या वेळी मी आबासाहेबांसमोर जाऊन बसले. पर्समधला राजीनामा मला आठवत होता.

"खेळून झालं. आता सांगा. नऊ का?"

त्यांनी कोटाच्या खिशातून एक लांबट, कडा झिजलेली वही काढली. मोजणीवर नेतात तसली. पान उलटून माझ्यापुढे धरली. मी वाचलं.

'दिवेआगर. सुरूची बोंडं, बादलीत. अंतर बारा पावलं. सातपैकी पाच.'

'सापुतारा. खडे, दिव्याच्या खांबाला. अंतर पंधरा पावलं. दहापैकी सहा. वारा होता.'

'भंडारदरा. हिरडे, मैलाच्या दगडाला. अंतर वीस पावलं. दहापैकी सात.'

मला चोरी पकडल्यासारखं झालं. पिशव्यांच्या ढिगापाशी एकटी असताना मी काय करत होते ते मी कधी कुणाला, अगदी मालूताईलासुद्धा, सांगितलं नव्हतं. खांबाला नाहीतर झाडाला पाठ टेकून उभी राहायची, काठी उलटी धरायची आणि खाली पडलेलं जे हाताशी येईल ते कशालातरी नेम धरून टोलवायचं. वेळ जात नाही म्हणून. कधी कधी राग जात नाही म्हणून.

"तुम्ही सगळे तर समुद्राकडे गेला होता," मी कसंबसं म्हटलं.

"गेलो होतो. मागे बघितलं."

"तीन वेळा?"

"पहिल्यांदा सहज. मग मुद्दाम." त्यांनी वही मिटली. "कुमुदताई, ज्याचा नेम दहात सात लागतो त्याला नवखा म्हणून पंधरा दिले असते, तर ती लबाडी झाली असती. डॉक्टरांशीही आणि तुमच्याशीही. खरं तर आठच निघत होते. मैदान अनोळखी म्हणून एक वाढवला."

म्हणजे त्यांनी मला जे दिलं होतं ते एकच, आणि तेही मैदानाच्या नावावर. माझ्या पायासाठी एक टोलासुद्धा दिला नव्हता. इतका मान मला तोवर कुणी दिला नव्हता, आणि तो कसा घ्यायचा हेही मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी नेहमीसारखं तिरकंच बोलले.

"बारा वर्षं मी पिशव्या सांभाळल्या ते मात्र तुमच्या वहीत नाही."

आबासाहेबांच्या गोऱ्या चेहऱ्यावर लाली चढलेली मी पहिल्यांदा पाहिली. "नाही," ते म्हणाले. "ते राहिलं. मागे बघूनही ते दिसलं नाही मला."

मी पर्समधून राजीनाम्याचा कागद काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. मथळा घातला, 'पिशव्यांची पाळी, सन १९९०.' रकाने आखले, या वेळी खालपर्यंत. पहिल्या ओळीत नाव लिहिलं, आबासाहेब चौबळ.

"मी?" ते म्हणाले.

"आद्याक्षराप्रमाणे. 'आ' पहिला."

"मग 'अ' आधी येतो. अष्टपुत्रे."

"त्यांची पाळी झाली," मी म्हटलं. "आगाऊ."

*

जानेवारीचा चौथा रविवार, अंजनेरी. बस पायथ्याशी थांबली. सवयीप्रमाणे माणसं पिशव्या घेऊन माझ्याकडे आली आणि मी सवयीप्रमाणे हात पुढे केला. मग दोन्हीकडच्यांना आठवण झाली. बोरीच्या झाडाखाली आबासाहेब आधीच सतरंजी पसरून बसले होते. डबे, शाली, थर्मास, आणि सगळ्यात वर डॉक्टरांची किटली, असा ढीग त्यांच्याभोवती चढत गेला.

"जपून हं कुमे," मालूताई म्हणाली. तिचा हात माझ्या दंडाकडे आला आणि मध्येच थांबला. तो हात मागे घ्यायला तिला किती कष्ट पडले, ते मला दिसलं. मीच तिचा हात धरला.

मी गडावर गेले असं सांगितलं तर ती थाप होईल. पहिल्या वळणावरच्या कट्ट्यापर्यंत गेले, त्याला पाऊण तास लागला, आणि तिथे मी फतकल मारून बसले. बाकीचे पुढे गेले. मी त्यांना जा म्हटलं, आणि या वेळी थांबणं माझं होतं. समोर अख्खा त्र्यंबकचा रस्ता, शेतं, तळी. बारा वर्षं लोक मला येऊन जे सांगत होते ते साधारण खरंच होतं म्हणायचं.

मग मी खाली पायथ्याकडे बघितलं.

आबासाहेब उठून उभे राहिले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली. आपली छत्री उलटी धरली. पायाशी पडलेलं एक बोर नीट मांडलं, दहा-बारा पावलांवर कुणाचातरी रिकामा डबा ठेवला, नेम धरला आणि टोलवलं. बोर डब्याच्या कितीतरी डावीकडून गेलं. दुसरं उजवीकडून. तिसऱ्या वेळी छत्रीच उघडली.

मी श्वास रोखून दहा बोरं मोजली. मग पर्समधून पेन्सिल काढली आणि पाळीच्या कागदावर, त्यांच्या नावापुढे लिहिलं:

'अंजनेरी. बोरं, डब्यात. अंतर बारा पावलं. दहापैकी एक. वारा नव्हता. आबासाहेब चौबळ, हँडिकॅप १५.'